सालसा बाजूला मागा : मेक्सिकन हॉटेलाबद्दल वाचकांचे प्रश्न

मुलं पुण्यात, मुंबईत नाहीतर थेट अमेरिकेत. त्यांच्याकडे गेलं की एखाद्या संध्याकाळी ती कोपऱ्यावरच्या मेक्सिकन हॉटेलात नेतात, आणि मेन्यूकार्ड हातात पडलं की तांबडा-पांढरा रस्सा ओरपणारा कोल्हापूरकरसुद्धा गप्प होतो. या महिन्यातली बहुतेक पत्रं याच विषयावर आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : पुण्यात मुलानं मेक्सिकन हॉटेलात नेलं. कार्डावर मिरचीची तीन चित्रं काढलेला बरिटो मागवला, तर एकदम सपक. मेक्सिकन जेवण तिखट असतं म्हणतात ते उगाच काय? (वाचक, राजारामपुरी)

उगाच नाही, तुम्ही तिखट चुकीच्या जागी शोधलंत. मेक्सिकन स्वयंपाकात टाको (सारण घालून दुमडलेली पोळी) आणि बरिटो (सारण भरून गुंडाळलेली पोळी) यांचं सारण मुद्दाम बेताचं ठेवतात आणि तिखट टेबलावर वेगळं देतात. मिसळीचा कट वाटीत वेगळा येतो आणि ज्याला झेपेल तेवढा तो ओतून घेतो, तसाच हा मामला आहे. त्यामुळे 'जरा स्पायसी करा' असं सांगून काही साधत नाही. आतला माणूस फार तर बाटलीतला सॉस मारतो किंवा व्हिनेगरमधल्या हालापेन्यो मिरचीच्या चार चकत्या जास्त टाकतो. त्यानं बरिटो आंबट होतो, तिखट नाही.

सालसा म्हणजे तिकडची चटणी. विचारायचं ते असं : 'सालसा कोणकोणत्या आहेत, इथे बनवलेल्या कोणत्या, आणि त्यातली सगळ्यात जहाल कोणती?' बऱ्या हॉटेलात तीन तरी असतात. पिको दे गायो म्हणजे बारीक चिरलेला कच्चा टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, मिरची आणि लिंबू. ती गारव्यासाठी असते, तिच्याकडून तिखटाची अपेक्षा धरू नका. सालसा रोहा लाल असते, टोमॅटो आणि सुक्या मिरच्या भाजून वाटलेली. सालसा वेर्दे हिरवी आणि आंबट. मेक्सिकोत ती टोमॅटिओ या कागदी सालीच्या हिरव्या फळाची करतात. आपल्याकडे ते फळ सहसा मिळत नाही, म्हणून कच्च्या टोमॅटोवर भागवतात. चव थोडी उग्र लागली तर कारण ते. कार्डावर सालसा माचा दिसली तर मात्र सोडू नका. सुक्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे आणि तीळ तेलात परतून भरड वाटतात. ही वेराक्रूझ भागातली. कोल्हापुरी जिभेला पहिल्या घासात पटेल ती हीच.

मिरच्यांचा हिशेब एकदा बघून ठेवा. तिखटपणा स्कोव्हिल एककात मोजतात. हालापेन्यो 2,500 ते 8,000, सेरानो 10,000 ते 23,000, आणि हबानेरो 1,00,000 ते 3,50,000. म्हणजे पिझ्झावर येणाऱ्या हालापेन्योला ठेचा खाणारा माणूस मोजतच नाही, पण हबानेरोपुढे मर्दुमकी दाखवायला जाऊ नये. तिची खोड अशी, की आधी पिकल्या फळासारखा वास येतो, गोडसर लागतं, आणि तिखट काही सेकंदांनी चढतं. तेवढ्यात माणसानं दुसरा चमचा घेतलेला असतो. झोंबलंच तर पाणी पिऊ नका. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्यानं ते तोंडभर पसरतं. दूध, दही किंवा ताटातलं सावर क्रीम तोंडात घोळवा. दुधातलं केसिन हे प्रथिन ते जिभेवरून सोडवून नेतं.

आणि मिरचीवरून मेक्सिकनांना हिणवण्याआधी एवढं ध्यानात ठेवा, की मिरची मूळची तिकडचीच. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी आपला रस्सा मिऱ्यावरच होता.

प्रश्न : जूनमध्ये मुलीकडे शिकागोला चाललोय. सासरे माळकरी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही. जावयांना मेक्सिकन जेवण आवडतं, त्यामुळे तिथं जाणं होणारच. शाकाहारी म्हणून मागवलं तरी पोटात भलतं काही जाऊ नये यासाठी काय विचारावं? (वाचक भगिनी, गडहिंग्लज)

शिकागोत पिल्सन आणि लिटल व्हिलेज ही मेक्सिकन वस्ती असलेली जुनी ठिकाणं आहेत. जेवण अस्सल मिळेल. पण अस्सल म्हणजे डुकराची चरबीही अस्सल. मांस ताटात दिसलं नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं तिथं गृहीत धरू नका. ते पाच-सहा जागी लपलेलं असतं.

पहिली जागा घोटलेल्या बीन्सची, फ्रिहोलेस रेफ्रितोस. पारंपरिक रीतीनं त्या डुकराच्या चरबीत, मान्तेकात, परततात. दुसरी जागा लाल भाताची. तो पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात किंवा त्यात कोंबडीच्या अर्काची पूड असते. तिसरी मैद्याच्या टॉर्टियाची, म्हणजे तिकडच्या पोळीची, कारण तिच्या मोहनातही मान्तेका असू शकते. टमाले, म्हणजे कणसाच्या सालीत गुंडाळून उकडलेला मक्याचा पदार्थ, त्याच्या पिठात तर ती बहुधा असतेच. चौथी एन्चिलाडावरचा (सारण भरून गुंडाळलेल्या टॉर्टियावरचा) रस्सा आणि मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा. दोन्हींत कोंबडीचं पाणी सर्रास घालतात. पाचवी तळणीची कढई, जिच्यात मासा आणि चिप्स एकाच तेलात पडतात. आणि सहावी चीजची. अमेरिकेतल्या काही चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट वापरतात. सासऱ्यांचा नेम कडक असेल तर चीजच टाळलेलं बरं, कारण वाढणाऱ्या मुलाला याचं उत्तर बहुतेक वेळा देता येत नाही.

स्पॅनिशमध्ये नुसतं 'सिन कार्ने' म्हणजे 'मांस नको' म्हणून थांबू नका. ऐकणारा पुष्कळदा ते गाईच्या मांसापुरतं घेतो आणि कोंबडी घालून आणतो. पूर्ण यादी म्हणा : सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो, सिन वेवो. म्हणजे मांस, कोंबडी, मासा, चरबी, कोंबडीचं पाणी आणि अंडं, यातलं काही नको. मोबाइलवर लिहून ठेवून दाखवलं तर अजून चांगलं. आत स्वयंपाकघरापर्यंत तोच मोबाइल नेतात.

मग मागवायचं काय? मक्याच्या टॉर्टियात चरबी नसते. मका, चुना, पाणी एवढंच. तिच्यात राहास घ्या : भाजून सोललेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या, कांदा, क्रीम. नोपालेस घ्या, म्हणजे काटे काढून परतलेली निवडुंगाची पानं; किंचित बुळबुळीत लागतात, पण लिंबाबरोबर छान. चीज चालत असेल तर भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे चीज घालून दुमडून भाजलेली टॉर्टिया, मिळाली तर उत्तम. बीन्स हव्या असतील तर घोटलेल्या न घेता अख्ख्या काळ्या मागा, आणि त्यात डुकराचा तुकडा नाही ना, एवढं विचारून घ्या. ग्वाकामोले, म्हणजे अॅव्होकॅडोची चटणी, निर्धास्त.

फसगत हमखास होते ती कणसाशी. एलोते म्हणजे भाजलेलं कणीस, आणि एस्कितेस म्हणजे वाटीतले त्याचे दाणे. दिसायला निष्पाप, पण त्याला मेयॉनीज फासतात आणि तिकडच्या मेयॉनीजमध्ये अंडं असतं. 'सिन मायोनेसा' म्हणून नुसतं लिंबू, मीठ आणि तिखट लावून घ्या. गोडात फ्लान आणि त्रेस लेचेस दोन्ही अंड्याचे. आर्रोस कोन लेचे म्हणजे दालचिनी घातलेली तांदळाची खीर. ती सहसा चालते, तरी विचारा. पेयांत ओर्चाता तांदूळ आणि दालचिनीचं, आणि हामाइका नावाचं लाल सरबत लाल अंबाडीच्या बोंडांचं. सासऱ्यांना ते आवडेल.

जावयांसाठी मांसाहारी कार्डाची किल्ली : पोयो कोंबडी, कार्ने आसादा गाईचं भाजलेलं मांस, कार्नितास आणि अल पास्तोर डुकराचं, बार्बाकोआ तिकडे बहुधा गाईचं, लेंग्वा म्हणजे जीभ. मोघम 'ग्राउंड मीट' लिहिलं असेल तर ते गाईचंच समजा.

बसताक्षणी चिप्स आणि सालसा येईल, बऱ्याच ठिकाणी फुकट, आणि संपली की पुन्हा भरतात. त्यावर पोट भरू नका. कॉम्बो प्लेट म्हणजे दोन एन्चिलाडा, भात आणि बीन्स. एवढ्यात आपल्याकडची दोन माणसं जेवतात. उरलेलं डब्यात भरून मागायला तिथं कोणी लाजत नाही. कार्डावरच्या किमतीत कर धरलेला नसतो, आणि टेबलावर वाढणाऱ्याला 18 ते 20 टक्के टिप द्यायची रीत आहे. माणसं सहा-आठ असतील तर ती बिलात आधीच लावलेली असू शकते. 'ग्रॅच्युइटी' अशी ओळ आहे का बघा, नाहीतर दोनदा द्याल.

प्रश्न : टाको खाताना सगळं सारण ताटात. काट्याचमच्यानं खायचा असतो का? (वाचक, शाहूपुरी)

नाही, हातानंच. टाको तिरपा करू नका, तो आडवाच धरा आणि मान तिरपी करा. सारण दोन मोठे चमचे, त्याहून जास्त नको. मऊ टाकोखाली दोन टॉर्टिया देतात त्याचं कारण रस; वरची भिजून फाटली तरी खालची धरून ठेवते, आणि सांडलेल्या सारणाचा तिच्यात दुसरा टाको होतो. यू आकाराचा कडक टाको अमेरिकेत रुळला. तो मधोमध फुटणारच, त्यात तुमचा दोष नाही. बरिटो फॉइलमध्ये येतो, ते सगळं सोलून काढू नका. दोन बोटं उघडायचं, खायचं, परत दोन बोटं. एन्चिलाडा मात्र रश्शात बुडालेला असतो, त्याला काटा हवाच.

प्रश्न : घरपोच मागवलेले नाचोज नेहमी मऊ पडून येतात. हॉटेल बदलावं का? (वाचक, इचलकरंजी; मुक्काम सध्या पुणे)

हॉटेल नको, पदार्थ बदला. नाचोजचं आयुष्य टेबलावरसुद्धा दहाएक मिनिटांचं. गरम चिप्सवर गरम बीन्स आणि ओली सालसा पडली की पाणी चिप्समध्ये उतरतं. त्यात डब्याचं झाकण लागलं की वाफ वरून पडते. शिवाय किसलेलं चीज गार होताना घट्ट होऊन सगळ्याचा एक गठ्ठा करतं. मागवायचेच असतील तर सूचनेत लिहा : चिप्स कागदी पिशवीत, चीज सॉस, बीन्स आणि सालसा वेगवेगळ्या डब्यांत. घरी चिप्स कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं फिरवा. प्रवास सहन करणारे पदार्थ दोन, बरिटो बोल (टॉर्टियाशिवाय वाडग्यात दिलेलं बरिटोचं सारण) आणि केसादिया. केसादियाच्या डब्याचं झाकण किलकिलं ठेवायला सांगा.

हॉटेलात बसून खात असाल तर नाचोज एका थरात पसरलेले आहेत का बघा. डोंगर रचला असेल तर तळाच्या चिप्स कोरड्या आणि वरच्या लगदा. पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावात 1940 च्या दशकात इग्नासियो आनाया यांनी पहिल्यांदा केले तेव्हा चिप्स, चीज आणि हालापेन्योची चकती, एवढंच होतं. बाकीचा पसारा नंतरचा.

प्रश्न : मैद्याची टॉर्टिया म्हणजे आपली चपातीच ना? मग तीनशे रुपये कशाचे? (वाचक, मंगळवार पेठ)

बरीचशी तशीच, फक्त कणकेऐवजी मैदा आणि मोहन सढळ. ती गहू पिकवणाऱ्या उत्तर मेक्सिकोतली, सोनोरा वगैरे भागातली. तीनशे रुपये सारणाचे, चीजचे आणि पुण्यातल्या भाड्याचे. मक्याच्या टॉर्टियाला मात्र तुमच्या घरात जोड नाही. त्याचं पुढच्या उत्तरात.

प्रश्न : हॉटेलातली मक्याची टॉर्टिया आवडली म्हणून घरी मक्याच्या पिठाची केली. थापताना कडेला चिरते, दुमडली की मोडते. गरम पाण्यात मळूनही तेच. काय चुकतं? (वाचक भगिनी, कागल)

मळण्यात काही चुकत नाही, पीठच वेगळं आहे. टॉर्टियाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. चुन्यानं दाण्याची साल सुटते, सालीतला चिकट भाग विरघळून पिठाला धरून ठेवतो, आणि तो ओळखीचा खमंग वास येतो. शिवाय मक्यात अडकून असलेलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं. ही रीत न घेता नुसता मका युरोपात गेला, तेव्हा त्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग जडला. गिरणीतून दळून आणलेल्या कोरड्या मक्याला चुना लागलेलाच नसतो, म्हणून तो कितीही मळला तरी दुमडत नाही.

घरी करता येतं, दोन दिवसांचं काम आहे. अर्धा किलो वाळलेला पांढरा किंवा पिवळा मका घ्या. स्वीट कॉर्न चालत नाही. बियाण्याच्या पिशवीतला मका तर मुळीच नको. त्याला औषध लावलेलं असतं, दाणा गुलाबी-लालसर दिसतो. खायचा चुना पानपट्टीवर मिळतो, पण नुसता, वास-रंग नसलेला घ्या. ओला चुना दोन सपाट चहाचे चमचे, म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास. कोरडी पूड असेल तर याच्या निम्मी. दीड लिटर पाण्यात तो ढवळा. भांडं स्टीलचं. अॅल्युमिनियमला चुना खातो आणि पाणी काळं पडतं. डोळ्यांत उडू देऊ नका.

मका घालून मंद आचेवर तीस ते पंचेचाळीस मिनिटं उकळा. दाणा बोटांत चोळला की साल सुटली पाहिजे, पण दाणा चावल्यावर आत पांढरा आणि कच्चट राहिला पाहिजे. इथे बहुतेकांचा हात बिघडतो. पूर्ण शिजवला तर वाटण गोंदासारखं होतं आणि तव्याला चिकटतं. गॅस बंद करून रात्रभर, आठ ते बारा तास, त्याच पाण्यात ठेवा. सकाळी दोन-तीन पाण्यांनी धुवा. साल चोळून काढा, पण थोडी राहू द्या, धरून ठेवायला तीच उपयोगी पडते.

वाटताना पाणी चमच्यानं घाला. पाटा-वरवंटा असेल तर सोनं. मिक्सरला घालायचं तर थोडं थोडं, थांबत थांबत, कारण भांडं तापलं की पीठ चिकटतं. बोटांत रवा लागत असेल तर अजून वाटा. दाणेदार पीठ पुन्हा चिरणारच. गोळा ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. मग लिंबाएवढी गोळी दाबून बघा : कड चिरली तर पाणी कमी, तळव्याला चिकटली तर जास्त.

तीस-पस्तीस ग्रॅमची गोळी दोन प्लॅस्टिकच्या कागदांत ठेवून जड ताटलीनं दाबा. साधारण 13 ते 15 सेंटिमीटर व्हायला हवी. बिडाचा तवा चांगला तापलेला असू द्या, तेल नको. पहिली बाजू वीस सेकंद, कड तव्यापासून सुटेपर्यंत. दुसरी पाऊण ते एक मिनिट. परत उलटून फडक्यानं हलकं दाबलं की फुगते. आणि लगेच खाऊ नका. सगळ्या एकावर एक रचून जाड फडक्यात दहा-पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा. उरलेलं शिजणं त्या वाफेत होतं, आणि दुमडण्याचा गुण तिथेच येतो. अर्ध्या किलो मक्यात साधारण अठ्ठावीस-तीस होतात.

एवढा खटाटोप नको असेल तर मासा आरिना नावाचं तयार पीठ मिळतं. ते याच रीतीनं केलेल्या मक्याचं. पाकिटावर घटकांत मका आणि चुना दोन्ही लिहिलेले बघून घ्या.

हॉटेलातही हीच परीक्षा लावा. टॉर्टिया गरम असताना दुमडून बघा. मोडली तर शिळी किंवा गार. वासच नसेल आणि चपातीसारखी लवत असेल तर तिच्यात मैदा आहे. गव्हाची अॅलर्जी असणाऱ्यांनी 'निव्वळ मक्याची आहे का' हे विचारल्याशिवाय हात लावू नये.

प्रश्न : ग्वाकामोलेला ज्यादा पैसे का लावतात? आणि तपकिरी पडलेलं खावं का? (वाचक, जयसिंगपूर)

अॅव्होकॅडोसाठी. हॅस जातीचा दाट गराचा अॅव्होकॅडो बराचसा बाहेरून येतो. कूर्ग, कोडाईकनाल भागातला देशी मोठा असतो, पण पाणचट. त्याचं ग्वाकामोले सैल होतं आणि मग क्रीम मिसळून दाट करतात. हिरवं खूप फिकट आणि गुळगुळीत दिसलं तर तसंच समजा. तपकिरी रंग हवेचा, त्यानं अपाय नाही, पण हॉटेलात तो दिसला तर ते सकाळपासून उघडं आहे एवढं कळतं. मागितल्यावर फोडून देणाऱ्या ठिकाणी मागवा. घरी ठेवायचं तर वर लिंबू पिळून, प्लॅस्टिक थेट त्याच्या अंगाला चिकटवून ठेवा. बी आत ठेवल्यानं फक्त बीखालचा भाग हिरवा राहतो.

प्रश्न : मुंबईत अशाच एका हॉटेलात बिलात दहा टक्के सेवा शुल्क लावलं. 'सगळीकडे असतं' म्हणाले. द्यावंच लागतं का? (वाचक, ताराबाई पार्क)

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलानं ते आपोआप बिलात लावायचं नाही, आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं या सूचना उचलून धरल्या. जीएसटी मात्र द्यावाच लागतो. साध्या हॉटेलात तो 5 टक्के, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा.

हिशेब असा. जेवण 1,200 रुपयांचं. जीएसटी 60. बिल 1,260. सेवा शुल्काचे 120 आधी मिळवले तर 1,320 वर कर बसतो 66, आणि बिल होतं 1,386. म्हणजे 120 म्हणून सांगितलेले प्रत्यक्षात 126 जातात. त्यामुळे नुसती शुल्काची रक्कम वजा करून घेऊ नका. ती ओळ काढून बिल नव्यानं छापून मागा. ऐकलं नाही तर वाद न घालता पैसे भरा, बिलाचा फोटो ठेवा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बिलावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी क्रमांक असायला हवा. 1 जानेवारी 2022 पासून तो छापणं सक्तीचं आहे. तक्रारीत तोही लिहा. आणि वाढणारा मुलगा खरंच चांगला असेल तर त्याच्या हातात रोख काय द्यायचं ते द्या.